चौदा फुटी गाळ्यात दोन रांगा बसत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: चिपळूणच्या बाजारपेठेत १४ बाय ३८ फुटांचा गाळा घेतला आहे. वडिलांचं जुनं किराणा दुकान गिऱ्हाइकाने मागायचं आणि आपण काढून द्यायचं या पद्धतीचं होतं. नव्या जागेत गिऱ्हाइकाने टोपली घेऊन स्वतः माल उचलायचा, असं करायचं आहे. रॅकवाल्याने दोन्ही भिंतींना रॅक आणि मध्ये गोंडोलाच्या (म्हणजे मधोमध सुटे उभे राहणाऱ्या, दोन्ही बाजूंनी फळ्या असलेल्या रॅकच्या) दोन रांगा असं कोटेशन दिलं आहे. अक्षय्य तृतीयेला दुकान उघडायचं आहे. ऑर्डर देऊ का?

नका देऊ. निदान या कोटेशनवर तरी नका देऊ.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात एका वर्कशॉपमध्ये पत्रा कापण्यापासून सुरुवात केली आणि गेली बावीस-तेवीस वर्षं दुकानांच्या मांडण्या करतोय. किराणा, मेडिकल, स्टेशनरी, दोन-चार कापडाची दुकानंही केली. या काळात सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच: रॅक आधी ठरतात आणि माल मग त्यात कोंबला जातो. रॅकवाल्याचा यात दोष नाही. तो नगावर धंदा करतो, तुमच्या गाळ्यात जास्तीत जास्त नग कसे बसतील हेच तो बघणार. गिऱ्हाईक त्यातून कसं फिरेल हे तुम्हालाच बघायचंय.

आधी टेप घेऊन हिशेब करू. १४ फूट म्हणजे १६८ इंच. दोन्ही भिंतींचे रॅक १६ इंच खोलीचे धरले तर ३२ इंच गेले, उरले १३६. दुतर्फा गोंडोलाची एक रांग, पाठीच्या पत्र्यासकट, ३० इंच खाते. एकच रांग ठेवली तर १०६ इंच उरतात, म्हणजे दोन वाटा, प्रत्येकी ५३ इंचांच्या. जवळजवळ साडेचार फूट. दोन बायका टोपल्या घेऊन समोरासमोर आल्या तरी अंग चोरावं लागणार नाही. आता कोटेशनप्रमाणे दोन रांगा टाका: ७६ इंच उरले आणि वाटा झाल्या तीन. पंचवीस इंचांची एकेक वाट. एवढी अरुंद वाट रेल्वेच्या डब्यातल्या दोन बाकांमध्ये चालते, कारण तिथे माणूस तिकीट काढून बसलेला असतो, जाणार कुठे? तुमच्याकडून तो शेजारच्या दुकानात जाईल.

तीन फुटांच्या खाली वाट कधीही आणू नका, हा माझा नियम. व्हीलचेअरलाही तेवढं लागतंच. चार फूट असेल तर उत्तम. अरुंद वाटेचं नुकसान डोळ्यांना दिसत नाही, कारण कोणी तक्रार करत नाही. खालच्या फळीवरचं काही बघायला बाई वाकली की मागून जाणाऱ्याचा धक्का लागतो, ती सरळ होते आणि पुढे चालू लागते. वस्तू राहून जाते. तुम्ही म्हणता, हा माल चालतच नाही. माल चालला असता हो, वाकायला जागा नव्हती.

तर एकच रांग. त्यातून फळ्या किती मिळतात बघा. ३८ फुटांतले पुढचे ८ फूट दार आणि काउंटरला सोडा, मागचे ६ फूट कोठीला. मधे उरले २४. तीन फुटी रॅक धरले तर एका भिंतीला ८, दोन्हीला मिळून १६. सहा फळ्यांप्रमाणे २८८ फूट फळी झाली. मधल्या रांगेला मागच्या बाजूने वळायला ४ फूट सोडले आणि दोन्ही टोकांचे एंड रॅक वजा केले तर पाच दुतर्फा गोंडोला बसतात. चार फळ्या धरल्या तर १२० फूट. टोकांचे मिळून वीसेक फूट. एकूण सव्वाचारशे फुटांच्या आसपास फळी. एवढ्या गाळ्याला ही पुष्कळ आहे.

पण पुष्कळ म्हणजे किती, हे तुमच्या मालावर ठरणार. म्हणून रॅकवाल्याला फोन करण्याआधी एक काम करा, कंटाळवाणं आहे पण त्याला पर्याय नाही. जुन्या दुकानातल्या एकेका वस्तूची यादी काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: समोरून किती इंच जागा घेते, उंची किती, एका वेळी किती नग लावायचे, आठवड्याला किती जातात. पुडी सहा इंच, बाटली साडेतीन इंच, असं पट्टीने मोजून. वडिलांना बरोबर घ्या. कोणता साबण संगमेश्वरकडची गिऱ्हाइकं मागतात आणि कोणता फक्त गावातली, हे त्यांच्या डोक्यात असतं, बिलिंगच्या संगणकात नसतं. माझा अनुभव असा की यादी करता करता पंधरा-वीस वस्तू अशा सापडतात ज्या केवळ सवयीने भरल्या जातात. त्यांना नवीन दुकानात फळी देऊ नका.

आता गोंडोलाची उंची. साडेचार फूट, त्याहून जास्त नको. आपल्याकडची बाई सरासरी पाच फूट उंचीची. साडेचार फुटांवरून तिला पलीकडची वाट दिसते, आणि तुम्हाला काउंटरवरून ती दिसते. चोरीसाठी कॅमेरे लावाच, पण रॅकची उंची हा पहिला कॅमेरा. भिंतीचे रॅक सात फुटांपर्यंत न्यायला हरकत नाही, मात्र सहा फुटांच्या वरची फळी ही विक्रीची नव्हे, साठ्याची समजा. तिथे खोक्यातला जादा माल ठेवायचा. विकायचा माल गुडघ्यापासून डोळ्यांपर्यंत. मुलांची बिस्किटं-गोळ्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, हे सांगायला नको. आईबापांच्या शिव्या खाव्या लागतात, पण खप होतो.

भिंतीच्या फळ्यांच्या खोलीबद्दल रॅकवाला म्हणेल, सगळ्या १६ इंची घ्या, सरसकट बरं पडतं. घेऊ नका. तळाची फळी १६, वरच्या १२. मसाल्याची पाकिटं, शाम्पू, पावडर यांना १२ इंच पुरतात. खोल फळीत नवा माल पुढे आणि जुना मागे जातो, आणि मागचा कधी बाहेर येतो? एक्सपायरी झाल्यावर. शिवाय वरची फळी कमी खोल असेल तर उजेड खालपर्यंत उतरतो.

पत्र्याबद्दल बोलायचं तर मी दिवसभर बोलेन, पण तुमच्या कामाचं तेवढं सांगतो. कोटेशनमध्ये ‘हेवी ड्युटी’ लिहिलेलं असतं, त्याला काही अर्थ नाही. जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मिमी आणि २२ गेज म्हणजे ०.७ मिमी. रंग चढवल्यावर हाताला फरक कळत नाही, सहा महिन्यांनी फळीच्या पोटाला कळतो. गोंडोलाच्या तीन फुटी, १४ इंच खोल फळीवर तेलाच्या लिटरच्या बाटल्या दहा रांगांत चार-चार लावल्या तर चाळीस झाल्या. लिटरभर तेल सव्वानऊशे ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे ३७ किलो एका फळीवर. फळीच्या खालून आडवी पट्टी वेल्ड केलेली आहे का, बोटाने चाचपून बघा. नमुन्याचा रॅक उभा करून घ्या आणि फळीवर तांदळाच्या २५ किलोच्या दोन गोण्या ठेवून चहा पिऊन या. परत आल्यावर गोण्या उतरवा. फळी पुन्हा सरळ झाली तर बोलणी पुढे न्या. वाकलेली राहिली तर चहाचे पैसे देऊन निघा.

जुने रॅक स्वस्तात मिळतात, बंद पडलेल्या सुपरमार्केटचे. मी स्वतः एकदा त्या मोहात पडलो होतो. मिरजेजवळच्या एका दुकानाला दोन ठिकाणचे जुने रॅक आणून दिले आणि उभे करताना कळलं की एकाच्या खांबाची भोकं दुसऱ्याच्या ब्रॅकेटला बसत नाहीत. दोन्ही लॉट दिसायला सारखेच होते. मालक बिचारा सज्जन, पण मी रात्रभर ग्राइंडर घेऊन बसलो होतो. जुने घ्यायचेच तर सगळे एकाच दुकानातले घ्या, आणि फळ्यांपेक्षा ब्रॅकेट आधी मोजा. ब्रॅकेट कायम कमी पडतात.

इथवरचं कुठल्याही गावाला लागू आहे. चिपळूणला आणखी दोन गोष्टी आहेत: पाऊस आणि पूर.

पावसाचं आधी. कोकणातल्या हवेत लोखंड खाल्लं जातं, आणि सुरुवात कापलेल्या कडांपासून, भोकांपासून होते. पावडर कोटिंगच्या आधी पत्रा नीट धुऊन, फॉस्फेटच्या टाकीत बुडवून घेतात की नुसता पुसून रंग मारतात, हे विचारा. जमलं तर वर्कशॉपला जाऊन टाक्या बघा. मिठाच्या पिशव्या थेट पत्र्यावर ठेवू नका. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि एका पावसाळ्यात फळी चाळणीसारखी होते. खाली प्लास्टिकचा ट्रे घाला. गुळाचंही तेच. भिंतीचे रॅक भिंतीला चिकटवू नका, दोन इंच सुटे ठेवा. वाटा त्याने दोन-दोन इंचांनी कमी होतील, चालेल. भिंतीला ओल येते, मागचा माल बुरसतो, आणि खाद्यपदार्थ जमिनीपासून व भिंतीपासून दूर ठेवावेत असं एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, नियमांतही आहे. दारात छत्र्या ठेवायला बादली नव्हे, पाणी निथळून बाहेर जाईल असा स्टँड करा. फरशी खडबडीत निवडा. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स शोरूममध्ये छान दिसतात आणि आषाढात गिऱ्हाईक पाडतात.

पुराबद्दल मी तुम्हाला काय सांगणार. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा तुमच्याकडच्यांनी ते अंगावर घेतलंय. आम्ही २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत तेच पाहिलं. पाणी ओसरल्यावर दुकानं साफ करायला गेलो होतो. लोखंडी रॅक धुऊन पुन्हा उभे राहिले. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची, काउंटरं मात्र भाकरीसारखी फुगली होती, ती फावड्याने ओढून बाहेर काढली. म्हणून तुमच्या दुकानात एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नको. काउंटरला लाकूडकाम लागलंच तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय, तोही लोखंडी सांगाड्यावर, जमिनीपासून चार इंच उचललेला. विजेचे पॉइंट चार फुटांच्या वर. इन्व्हर्टरची बॅटरी काउंटरखाली ठेवायची पद्धत आहे, ती मोडा. भिंतीवर मजबूत ब्रॅकेट मारून वर चढवा. पोटमाळा करता येत असेल तर मागच्या सहा फुटांवर करून घ्या, कोठी दुप्पट होईल आणि इशारा आला की माल चढवायला जागा मिळेल.

यातून एक पेच निघतो. नेहमीचा नियम सांगतो, जड माल खाली. तांदूळ, आटा, साखर खाली. चिपळूणला जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाली ठेवायला तोच माल सगळ्यात वाईट. मी असं करेन: तळाच्या फळीवर पावसाळ्यात बादल्या, प्लास्टिकचे मग, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे सीलबंद डबे. आटा आणि तांदूळ दुसऱ्या-तिसऱ्या फळीवर, पाच किलोच्या वर वजनाचा नग बाहेर न मांडता. मोठी गोणी हवी असेल तर मागून काढून द्यायची. ऑक्टोबरात पुन्हा अदलाबदल. वर्षातून दोनदा मांडणी हलवावी लागेल, म्हणून फळ्या पान्याशिवाय निघणाऱ्या, खाचेत अडकवायच्या घ्या. नटबोल्टचे अँगल रॅक फक्त कोठीत.

फिनाईल, उदबत्ती आणि साबण यांना खाण्याच्या मालापासून शक्य तितकं लांब, समोरच्या भिंतीला न्या. चहापत्ती कसलाही वास ओढते. उदबत्तीशेजारी महिनाभर राहिलेला चहा पिऊन बघा, देवळात बसल्यासारखं वाटतं. सुकी मासळी विकणार असाल तर ती गाळ्यात नकोच. ओट्यावर बंद डब्यात ठेवा, आणि श्रावणात तिथेही मांडू नका.

काउंटर कुठे? दाराशी, एका बाजूला, गिऱ्हाईक बाहेर पडताना ज्या बाजूने येईल त्या बाजूला. पाच फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच. मागे उभं राहायला अडीच फूट. म्हणजे रुंदीतले साडेचार फूट गेले, दारासमोर साडेनऊ फूट मोकळे राहिले. गल्ल्याचं तोंड उत्तरेला की पूर्वेला यावर घरात चर्चा होईलच. त्यात मी पडत नाही, फक्त काउंटर दाराच्या समोर आडवा घालायला लावू नका. आडवा काउंटर म्हणजे पुन्हा जुनं दुकान झालं: गिऱ्हाईक तिथेच थांबतं आणि मागायला लागतं.

गिऱ्हाइकाने स्वतः फिरून माल घ्यायचा ही कल्पना गाजली ती १९१६पासून, अमेरिकेतल्या मेम्फिसमधून. क्लॅरेन्स साँडर्सने पिगली विगली नावाचं दुकान काढलं. त्यात एका बाजूने आत शिरलं की सगळ्या वाटा फिरूनच पैसे द्यायच्या जागी पोचता येई. अजूनही काही सल्लागार हीच नागमोडी वाट सुचवतात, आणि दूध अगदी शेवटी ठेवा म्हणतात, म्हणजे दुधासाठी आलेला माणूस आख्खं दुकान बघेल. मोठ्या मॉलमध्ये ठीक आहे. तुमच्याकडे सकाळी सात वाजता अर्ध्या लिटरच्या पिशवीसाठी चप्पल अडकवून आलेल्या माणसाला ३८ फूट चालवलंत तर तो टपरीवरून दूध घेईल. दुधाचा फ्रीज काउंटरजवळ ठेवा. खेचायला वेगळं काहीतरी मागे ठेवा: डाळी-तांदूळ. ते रोज लागत नाहीत पण महिन्याचं सामान भरायला आलेला माणूस तिथवर जातोच, आणि जाताना दोन्ही भिंती बघतो. फ्रीजच्या मागे पाच-सहा इंच मोकळी जागा सोडा, आणि आइस्क्रीम कंपनी देते तो डीप फ्रीझर घेण्याआधी विजेचा लोड वाढवावा लागेल का हे वायरमनला विचारा. फ्रीझर फुकट असतो, त्याचं बिल फुकट नसतं.

वडिलांना काट्यामागे बसायची सवय असेल, तर ती मोडू नका. काउंटरच्या एका टोकाला वजनकाटा ठेवा, आकडे गिऱ्हाइकाला दिसतील असा, दरवर्षीचा पडताळणीचा शिक्का मारून घेतलेला. सुटे काजूगर, मनुका, केशर, तूप, ब्लेड असला लहान पण महाग माल त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर. लोक त्यांच्याशी बोलायला येतील. बाहेरची पुस्तकं म्हणतात, गिऱ्हाईक आत शिरलं की अमुक बाजूला वळतं. मी आपल्या गावांत बघितलंय, ते आधी मालकाकडे वळतं, ‘काय आप्पा’ म्हणतं, मग टोपली उचलतं. म्हणून टोपल्या काउंटरच्या कडेलाच ठेवा.

दाराकडचा एंड रॅक ही तुमची सगळ्यात महागडी जागा. कंपन्यांचे सेल्समन पहिल्याच आठवड्यात येतील, डिस्प्लेचे पैसे देतो म्हणतील. मागच्या टोकाची जागा द्या हवी तर. दाराकडची स्वतःकडे ठेवा, कारण तुमचा खरा सीझन दिवाळी नाही, गणपती आहे. चाकरमानी मुंबईहून येतात तेव्हा आधी त्यावर पूजेचं साहित्य आणि मोदकाचं पीठ-गूळ. ते परतायला लागले की रात्रीतून तोच रॅक बदलून कोकम, आमसुलं, काजू, फणसपोळी, कुळथाचं पीठ. असा रॅक एकाच कंपनीच्या शाम्पूला वर्षभर बांधून टाकणं म्हणजे गणपतीत दुकान बंद ठेवणं.

उजेडाचं थोडक्यात: गाळा साधारण ५० चौरस मीटरचा. २० वॅटच्या चौदा एलईडी पट्ट्या पुरतील, फक्त त्या रॅकच्या डोक्यावर न येता वाटांच्या मधोमध, लांबीच्या दिशेने लावा. ४००० केल्विनच्या घ्या. फार पांढऱ्या उजेडात तूरडाळ आजारी दिसते. पाटी मराठीत, देवनागरीत, आणि इंग्रजीही घालणार असाल तर मराठी अक्षर त्याहून लहान नको. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही ते बंधनकारक आहे. कोटेशनमधला १८ टक्के जीएसटी वेगळा दाखवून घ्या. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायची सोय) असाल तर त्याचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळणार नाही, तेव्हा तो खर्चातच धरा.

ऑर्डर द्याल तेव्हा चार-पाच फळ्या आणि डझनभर ब्रॅकेट त्याच दिवशी जास्तीचे घ्या. दोन वर्षांनी तोच रंग आणि तीच खाच मिळत नाही. आणि सगळे रॅक एकदम नको. मधल्या पाच गोंडोलांपैकी चारच आणा, पाचव्याची जागा गणपतीपर्यंत मोकळी ठेवा. तोवर कोणता माल फळी मागतोय हे कळेल.

त्याआधी येत्या रविवारी गाळा झाडून खडू घ्या आणि माझ्या मापांप्रमाणे जमिनीवर रॅक आखा. दोन्ही वाटा, काउंटर, फ्रीज, सगळं. वाटांच्या कडेला रिकामी खोकी रचा. मग आईंच्या हातात भरलेली टोपली द्या, समोरून आणखी कोणाला पाठवा आणि काही न सांगता बाजूला उभे राहा. त्या कुठे थांबल्या, कुठे अंग चोरलं, कुठे उलट्या वळल्या, तेवढं मला कळवा. कोटेशन तोवर तसंच पडू द्या.